आहेराचा ब्लाउजपीस

सेलूहून वर्ध्याला नोकरीसाठी जायला लागले, तेव्हा मी मामेबहिणीचे कुर्ते घालायचे. ते खांद्यावरून घसरायचे आणि बसमध्ये मी वाटभर ओढत बसायचे.

पवनारला एक मावशी चढायच्या. साडी कायम पांढरी सुती, पण ब्लाउज रोज वेगळा. कधी जांभळा, कधी पोपटी, कधी ठिपक्यांचा. खिडकीच्या काचेत एकदा पदर बघायच्या, की मग दिवसभर बघायची गरज नसल्यासारख्या निवांत बसायच्या.

एकदा मी धीर करून त्यांच्या साड्या-ब्लाउजांबद्दल विचारलं.

"साड्या चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीच्या हायेत," त्या म्हणाल्या. "अन् हे आहेराचे ब्लाउजपीस. लोक न शिवताच पुढच्या पावनीले देऊन टाकतात. माया घरून नाई जात." मग माझ्या खांद्याकडे पाहून म्हणाल्या, "तू काऊन ओढून राह्यली पोरी? तुयं सोताचं काईच नाई का?"

माझ्याकडे स्वतःचा असा जयंतीच्या मिरवणुकीचा एक पांढरा कुर्ता होता. आईनं त्यावर दोन ब्लाउजपीसांची बंडी शिवून दिली. सोमवारी मावशींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि सरकून आपली खिडकीची जागा दिली.

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पण आमच्या घरी आलेला ब्लाउजपीस आता पुढे जात नाही.