एकदाच सांगणारी विल्मा

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी विल्मा डंडास अलास्कातल्या केचिकॅनच्या दोन नंबरच्या धक्क्यावर, शिडीपासून अकरा पावलांवर उभी होती. अंगात पिवळा रेनकोट, डाव्या मनगटावर गावचं घड्याळ, उजव्या मनगटावर जहाजाचं. डाव्यात सहा दहा, उजव्यात सात दहा. सिएटलहून येणारी काही जहाजं केचिकॅनला लागली तरी आपले काटे सिएटलवरच ठेवतात आणि मागे करतात ते पुढच्या बंदरात गेल्यावर. आजचं जहाज त्यांतलंच होतं.

नुकताच शेवटचा दोर खुंटाला घालून रेनाटो आला. दोर बांधणाऱ्यांच्या टोळीचा हा मुकादम पंचेचाळिशीचा, आगोनॉय घराण्यातला. त्याचे आजोबा फिलिपिन्सहून इथल्या मासळीच्या कारखान्यात आले आणि इथलेच झाले.

"बोल मावशी, आज किती?"

"एक."

"छ्या! जहाज नवंकोरं, माणसं शिकलेली दिसतात. मी म्हणतो, शून्य."

"शिकलेलीच धावतात."

"बरणी?"

"बरणी."

दोन नंबरच्या धक्क्यावर ही पैज रोज लागते. जहाज सुटताना किती प्रवासी धावत येतील, हे सकाळीच सांगायचं. जिंकणाऱ्याला मिळते घरी धुरावलेल्या सॅमन माशाची एक बरणी. नियम कडक आहेत. माणूस उशिरा आला एवढं पुरत नाही, तो धावताना दिसला पाहिजे. चालत आला तर धरत नाहीत. धक्क्यासमोरच्या दारूच्या गुत्त्याला माडीवर सज्जा आहे. पाळी संपलेली माणसं तिथे बसतात, त्यांच्याकडे पुठ्ठ्याचे आकडे असतात, एक ते दहा. धावणाऱ्याला ते गुण देतात. म्हाताऱ्यांना जास्त मिळतात.

विल्मा एकसष्ट वर्षांची. जन्म शेजारच्या सॅक्समन गावचा, आजही घर तिथेच. सतराव्या वर्षी ती मासळीच्या कारखान्यात लागली आणि पंचवीस वर्षं तिने सॅमनची डोकी उडवली. कारखाना बंद पडला तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं वाकायची बंद झाली होती. त्यानंतरचे एकोणीस हंगाम ती गावच्या पाहुणे-कार्यालयाकडून धक्क्यावर उभी राहते आहे. पहिल्यांदा येणाऱ्यांना चार गोष्टी सांगणं, हे तिचं काम. ती स्वतः अशा जहाजावर कधी चढलेली नाही. एकदा कार्यालयाने सगळ्यांना फुकट जेवायला वर नेलं होतं, त्या दिवशी तिने सुट्टी घेतली.

सांगायच्या गोष्टी अकरा. ती त्या एका दमात, एका सुरात म्हणते. छत्री विकत घेऊ नका, इथला पाऊस आडवा येतो, टोपीचा रेनकोट घ्या. छोट्या विमानातून डोंगर बघायचे असतील तर सकाळीच जा, दुपारी ढग खाली बसतात. समोरची हिऱ्यांची दुकानं इथल्या माणसांची नाहीत, आमची खरेदी पुलापलीकडे असते. रोजच्या गोळ्या खोलीत ठेवू नका, खिशात ठेवा. जहाजाने दिलेला दिवसाचा कागद बरोबर घ्या, त्यावर जहाजाच्या इथल्या एजंटचा फोन असतो. कोरीव खांबांना हात लावू नका. आणि सातवी गोष्ट: फोनमधलं घड्याळ इथे उतरल्यावर आपोआप एक तास मागे जातं, जहाज त्या घड्याळावर सुटत नाही, मनगटावर जहाजाची वेळ ठेवा.

हे ती एकदाच सांगते. पूर्वी दोनदा सांगायची, आणि कोणी फोन बघत निघाला तर त्याच्यामागे जाऊन बाहीला धरून सांगायची. सात हंगामांपूर्वी टेक्ससच्या एका दंतवैद्याने तक्रार केली की धक्क्यावरची बाई आपल्याला लहान मूल समजते. कार्यालयाने लेखी सूचना काढली, माहिती एकदाच द्यावी, हसून द्यावी, प्रवाशाला स्पर्श करू नये. विल्माने तो कागद घडी करून रेनकोटाच्या आतल्या खिशात ठेवला. त्यातलं हसणं सोडून बाकी सगळं ती पाळते.

दहा वाजेपर्यंत मोठी गर्दी ओसरली. अकरा वाजून पाच मिनिटांनी ग्लेंडा टेश एकटीच शिडी उतरली. नेब्रास्काची, बहात्तर वर्षांची, निळं जाकीट, खांद्यावर पर्स, हातात रिकामी कापडी पिशवी. शेवटच्या पायरीवर थांबून तिने मागे वर बघितलं आणि विल्मापाशी आली.

"ताई, इथे लोकरीचं दुकान आहे म्हणतात. लांब आहे का? मला फार लांब नाही जायचं."

"ओढ्यावरच्या पुलापलीकडे. बारा मिनिटं."

"मग जमेल. नवऱ्याला जेवायला घालून झोपवलंय. दोनपर्यंत उठत नाही तो." ग्लेंडा जरा थांबली. ओळख नसलेल्या माणसाला सांगणं सोपं जातं तसं तिने सांगून टाकलं. "त्याच्या डोक्याचं जरा... विसरतो. उठल्यावर मी दिसले नाही तर घाबरतो आणि दार उघडून चालायला लागतो. घरी दाराला वरून कडी लावते मी. इथे कडी नाही. मुलगा म्हणाला नेऊ नकोस, पण पुढच्या वर्षी त्याला काय कळणार आहे? दीडच्या आत मला वर असलं पाहिजे."

"दीडलाच शिडी बंद होते," विल्मा म्हणाली आणि अकरा गोष्टी सांगायला लागली.

ग्लेंडा प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती. समुद्रावर बिल फार येतं म्हणून दोन दिवस तिने फोन बंद ठेवला होता, तो आता चालू करत होती. विल्मा सातव्या गोष्टीवर असताना फोन उजळला, वाजला, मुलाचे पाच निरोप आले. विल्मा नवव्या गोष्टीवर असताना ग्लेंडाने पडद्यावरची वेळ वाचली.

"अगंबाई, अकराच वाजलेत? मला वाटलं बारा होऊन गेले. म्हणजे तास पडला की माझ्या पदरात!" तिचा चेहरा खरोखर उजळला. "वर्षभरात पहिल्यांदा असा एकटीला वेळ मिळतोय, ताई."

विल्माने दहावी गोष्ट सांगितली, मग अकरावी. ग्लेंडाने आभार मानले आणि ती पुलाच्या दिशेने निघाली. तिच्या चालण्यात घाई उरली नव्हती.

रेनाटो खुंटावर बसून कॉफी पीत होता. "मावशी, बाई चुकीच्या घड्याळावर गेली बघ."

"ऐकलं मी."

"हाक मार की. अजून कोपऱ्यावरच आहे."

"तुला एवढा कळवळा असेल तर तू मार."

"माझं काम दोराचं."

"माझं एकदा सांगायचं. सांगून झालं."

रेनाटो हसला. "बरणीसाठी काय वाट्टेल ते करशील तू."

"मी काहीच केलेलं नाही," विल्मा म्हणाली. ते खरं होतं.

गावच्या घड्याळाने साडेबाराला शिडीवरच्या अधिकाऱ्याने यंत्रात बघितलं. दोन हजार नऊशे चार प्रवाशांपैकी एकीच्या कार्डाची परत आल्याची नोंद नव्हती. दहा मिनिटं थांबून त्याने धक्क्यावरच्या एजंटला सांगितलं. असं झालं की खोलीत जाऊन पारपत्र काढायचं आणि एजंटच्या हाती द्यायचं, म्हणजे मागे राहिलेला माणूस पुढच्या बंदराला विमानाने येऊ शकतो. दोघे जण सातव्या मजल्यावर गेले. पाच मिनिटांनी एजंटच्या बिनतारी यंत्रावर वरचा आवाज आला, तो धक्क्यावरच्या सगळ्यांनी ऐकला.

"नवरा जागा आहे. बूट घालून पलंगावर बसलाय. म्हणतो, बायको न्हाणीत आहे."

"आहे का?"

"न्हाणी रिकामी आहे."

"मग त्याला विचारा, खाली उतरून इथे थांबणार का बायकोसाठी?"

 मग आवाज म्हणाला, "नाही म्हणतोय. म्हणतो, मी या गावात कोणाला ओळखत नाही."

"ऑर्विल टेश म्हणजे तोच ना? गोंधळलेला वाटतो का?"

"सभ्य वाटतो. मला बस म्हणाला. तिकीट त्याच्या नावावर आहे आणि उतरायचं नाही म्हणतोय. आम्ही उचलून थोडाच आणणार?"

एजंट धक्क्यावरच्या माणसांकडे वळला. "ही बाई कुठे गेली, कोणाला माहीत आहे का?"

बारा बावन्न झाले होते. "लोकरीच्या दुकानात," विल्मा म्हणाली.

"अहो, मग आधी नाही का सांगायचं!"

"आधी कोणी विचारलं नाही."

एजंटने दुकानात फोन लावला. दुकानदारीण म्हणाली, बाई पंधरा मिनिटांपूर्वीच गेल्या, अगदी खुशीत होत्या, लोकरीचे चार गुंडे घेतले, तळलेला हॅलिबट मासा कुठे चांगला मिळतो ते विचारत होत्या. तळलेला हॅलिबट विकणाऱ्या गाड्या गावात सहा आहेत. एजंटने त्यातल्या दोघांना फोन केला. एकाने उचलला नाही, दुसऱ्याने सांगितलं की निळ्या जाकिटातल्या बाया समोर रांगेत बाराएक तरी आहेत, कोणती हवी?

"नवऱ्याच्या डोक्याचं ठीक नाही, हे तिने तुला सांगितलं होतं ना मावशी?" रेनाटोने हळूच विचारलं. "एजंटला सांग की."

 "सांगून काय होणार? जहाज थांबेल?" विल्मा म्हणाली.

"त्याला तरी खाली उतरवतील."

तिने उजव्या मनगटाकडे बघितलं. जहाजाचे एक अठ्ठावन्न, सुटायला दोन मिनिटं. मग ती एजंटकडे गेली आणि दोन वाक्यांत सांगितलं. एजंटने ते वर कळवलं. वरून उत्तर आलं की शिडी आत घेतली आहे, जहाजाचा डॉक्टर खोलीत पाठवतो, खोलीबाहेर माणूस बसवू, कप्तान आठ मिनिटं देतोय ती तिच्यासाठी नव्हे, भरतीच्या ओढीसाठी.

आठ मिनिटं गेली. गावच्या घड्याळाने एक वाजून आठला रेनाटोने शेवटचा दोर सोडला.

एक वाजून नऊला ग्लेंडा कोपऱ्यावर दिसली. चालत होती. एका हातात लोकरीने भरलेली पिशवी, दुसऱ्या हातात कागदाचा द्रोण, त्यात नवऱ्यासाठी आणलेला मासा. तिच्या हिशेबाने एकवीस मिनिटं हातात होती. सज्ज्यावरच्यांनी तिला आधी बघितलं.

"आली रे आली!"

"अगं आजी, पळ! नवरा दुसरी आणेल!"

ती आवाजाकडे बघून हसली. आपल्याला कोणी हाका मारतंय हे तिला कळलं नाही. मग तिने समोर बघितलं. जहाज आणि धक्का यांच्यामध्ये वीस हात पाणी होतं.

ती धावली. धक्क्याची फळी ओली होती, एक बूट निसटला, द्रोण पडला, समुद्रपक्ष्यांनी मासा जमिनीला लागायच्या आत उचलला. सज्ज्यावर टाळ्या पडल्या. पुठ्ठे वर झाले: सात, सहा, आठ. आठवाल्याला बाकीच्यांनी शिव्या घातल्या, पडल्याशिवाय आठ कसले?

सातव्या मजल्यावर एका गॅलरीत पांढऱ्या केसांचा माणूस उभा होता. शेजारी डॉक्टरचा पांढरा कोट. ग्लेंडा त्याच्या नावाने ओरडली. धक्क्यावरचा कोणी आपल्याकडे बघून हात हलवतोय म्हटल्यावर जहाजावरचे सगळेच हात हलवतात. त्यानेही हलवला. छान, मोकळा हात, अनोळखी माणसाला हलवतात तसा. शेजारच्या गॅलऱ्यांतून आणखी चारपाच हात हलले. सज्ज्यावरच्यांनी उलट हलवले.

ग्लेंडा विल्मासमोर आली तेव्हा तिच्या एका पायात नुसता मोजा होता.

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं. सातवी गोष्ट."

"मी वेळ बोलले तुमच्यासमोर! मोठ्याने बोलले! तुम्ही ऐकलंत!"

"ऐकलं."

"मग?"

विल्माने आतल्या खिशाकडे हात नेला आणि परत घेतला. "एकदाच सांगायचं असतं, बाई."

"तो रात्री उठतो हो. दार उघडतो. जहाज आहे ते, बाहेर समुद्र आहे."

"कठडे छातीइतके आहेत. दारात माणूस बसवलाय."

"किती वाजेपर्यंत?"

 एजंटने पारपत्र पुढे केलं. पुढच्या बंदराला, जुनोला जाणाऱ्या आजच्या संध्याकाळच्या विमानात जागा नव्हती, उद्या सकाळच्या विमानात एक होती. गोळ्यांचं विचारलं तेव्हा ग्लेंडा म्हणाली, त्याच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये आहेत. तुम्हीच सांगितलंत ना, खिशात ठेवा. मी त्या वर ठेवून येणार होते, पण तेवढं मी ऐकलं. रात्रीची गोळी चुकली की तो झोपत नाही.

एजंट जहाजाच्या दवाखान्याला फोन लावायला बाजूला गेला. विल्माने फळीवरचा बूट उचलून आणला, ग्लेंडाच्या पायापाशी ठेवला आणि तिला गावातल्या तीन हॉटेलांची नावं सांगितली. एकदा. या वेळी ग्लेंडाने ती लिहून घेतली.

दुपारी दोर गुंडाळून झाल्यावर रेनाटो गाडीतून बरणी घेऊन आला, पण हात पुढे केला नाही.

"मावशी, आजची राहू दे का?"

"का? धावली नाही?"

"धावली."

"मग?"

त्याने बरणी दिली. विल्माने झाकण घट्ट आहे ना ते बघितलं, पिशवीत घातली आणि सॅक्समनच्या बसची वाट बघत थांब्यावर उभी राहिली. थांब्यावर उद्याचा तक्ता लावलेला होता. उद्या चार जहाजं आहेत. पहिलं सहा वीसला दोन नंबरच्या धक्क्याला लागेल, प्रवासी तीन हजार एकशे, आणि विल्माची पाळी साडेपाचला सुरू होते.