रुपचंद मुकादमानं लावलेल्या पाळ्या

चोपड्याकडच्या एका शेतकरी सोसायटीच्या जिनवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यावर, रुपचंद मुकादम होता. कापसाचा हंगाम सुरू झाला की फाटकापुढं बैलगाड्यांची रांग लागे. रांग कसली, नुसती रेटारेटी! कुणी मधे घुसला की रुपचंद आधी हात टाकायचा आणि मग नाव विचारायचा. त्याचा बाप दुसऱ्याच्या शेतात सालदारकी करून मेला होता. आपण मुकादम झालो, हे रुपचंदच्या अंगात इतकं भिनलं होतं, की फाटकापुढं मोठ्यानं बोलणारा प्रत्येक जण त्याला वैरी वाटे. एकदा त्यानं एका गाडीवानाचा जबडाच मोडला, तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष नाना तापले.

"मारून रांग लागत असती तर मी फौजदारच नेमला असता," ते म्हणाले. "हंगामाची आखणी कर. कोणत्या गावानं कधी यायचं ते ठरव."

रुपचंदनं ठरवलं, पण एकट्यानं बसून. एका वाटेवरची गावं एका दिवशी, झालं! कमिटीनं माना डोलावल्या, गावोगाव दवंडी फिरली. अनेर नदीच्या दोन काठांवरची दोन गावं एकाच वाटेनं येणार, म्हणून त्यांना एकच दिवस मिळाला.

आता या दोन गावांचं प्रकरण अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही काठांवर उभं राहायचं, एकमेकांना शिव्या घालायच्या आणि दगड भिरकावायचे, ही त्यांची पिढीजात रीत. डोकी फुटली की हळद दाबायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सोयरे. पण त्या वर्षी पलीकडच्या एका तरण्याचा डोळा गेला होता आणि राग नदीवर न राहता घरात शिरला होता. रुपचंदला माहीत नव्हतं म्हणता? त्याची बायको मंजुळाबाई अलीकडच्याच गावची. पण आखाजीचं भांडण आखाजीला, कापसाशी त्याचा काय संबंध, असं म्हणून हा गडी मोकळा झाला.

ठरल्या दिवशी फाटकात दोन गावांच्या गाड्यांची चाकं अडकली आणि कुणीतरी त्या डोळ्याचं नाव काढलं. लगेच बैल हाकायच्या पराण्या निघाल्या, जुवांच्या लाकडी खुंट्या, शिवळं, उपसली गेली. एकाचं मनगट मोडलं. दुसऱ्याचं टाळकं असं फुटलं, की भरल्या गाडीतला पांढरा कापूस लाल झाला. बैल बिथरले, आणि सोडवायला धावलेल्या रुपचंदचा उजवा पंजा चाकाखाली चेचला. डॉक्टरनं दोन बोटं कापली.

"दिवस वाटात तुम्ही," मंजुळाबाई पट्टी बदलताना म्हणाली, "पण गावमां कोणले इचारं?"

त्याला तिचा संताप आला.

नानांनी घरी येऊन सांगितलं, "शेवटची संधी देतो. फाटकावर पुन्हा रक्त सांडलं, मग ते कुणाच्याही हातून सांडो, मुकादमकी गेली समज."

मग हात गळ्यात बांधून रुपचंद गावोगाव हिंडला. लोकांनी त्याची चांगलीच हजेरी घेतली. आमच्या बाजाराच्या दिवशी आम्हाला जिनवर बोलावतोस, तुझं डोकं ठिकाणावर आहे का, असं एकानं तोंडावर विचारलं. रुपचंदनं दात आवळून ऐकून घेतलं. वेचणीला बाया कधी मिळतात, बैल कधी मोकळे असतात, कुणाशेजारी कुणाला उभं करायचं नाही, सगळं त्यानं विचारलं. प्रत्येक गावानं आपला दिवस आपणच घेतला आणि एक म्होरक्या दिला. हे म्होरके बाजाराच्या दिवशी त्याच्याबरोबर चहाला बसत आणि पुढच्या आठवड्याची अदलाबदल करत. गंमत म्हणजे फाटक शांत झालं. रुपचंदला त्या शांततेचीच भीती वाटायची.

माघात पलीकडच्यांच्या सगळ्यात पुढच्या गाडीचा आस वाटेत मोडला. त्यांच्या गाड्या रात्रभर रखडल्या आणि दुसऱ्या दिवशी नेमक्या अलीकडच्यांच्या पाळीला येऊन ठेपल्या. अलीकडच्यांच्या गाड्या फाटकात आडव्या उभ्या होत्या. त्यांचा म्होरक्या उखर्डू, मंजुळाबाईचा म्हातारा काका, ओरडत खाली उतरला आणि पराणी उगारून पुढं धावला.

रुपचंदला फक्त उगारलेली पराणी दिसली. शेजारच्या जुवाचं शिवळ डाव्या हातानं उपसून त्यानं म्हाताऱ्याच्या डोक्यात घातलं. हाड फुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

पलीकडचेच लोक धावले. ज्याचा डोळा गेला होता त्यानं उखर्डूचं डोकं मांडीवर घेतलं आणि आपलं पागोटं सोडून गुंडाळलं.

"जवाई," उखर्डू म्हणाला, "बैल वळाडत व्हतू रे मी. त्यासले वाट सोडानं कालदिनच ठरेल व्हतं आमनं."

कुणी रुपचंदला हात लावला नाही. अलीकडच्यांनी आपल्या गाड्या बाजूला घेतल्या आणि पलीकडच्या गाड्या एकामागून एक आत जाऊ लागल्या. कुणी त्याला विचारायला थांबलं नाही. रुपचंद ऑफिसच्या पायऱ्या चढून नानांसमोर जाऊन उभा राहिला.

"नाना," तो म्हणाला, "रक्त सांडलं. मीच सांडलं."