साहेबाच्या डाव्या खिशातला तुकडा

पुढचा साहेब कोण, यावर आमच्या गावात कुणीही तासभर बोलू शकतं. पबमधला गिऱ्हाईक बोलतो, पोस्टातली बाई बोलते, ज्यांनी शेवटचा सिनेमा धड पाहिला नाही तेही बोलतात. हा फार उंच, तो फार तरुण, तिसऱ्याचा जबडा बरोबर नाही. एवढ्या वर्षांत थेल्मा रॅडलीला मात्र कुणी विचारलं नाही. पाच साहेबांचे कोट जिच्या हाताखालून गेले ती बाई कोपऱ्यातल्या टेबलावर लिंबू घातलेली बिअर घेऊन बसलेली असायची, आणि ही शहाणी मंडळी तिच्या डोक्यावरून भांडायची. मला राग यायचा. तिला यायचा नाही.

आमचा स्टुडिओ लंडनच्या पश्चिमेला, अक्सब्रिजहून येणारी बस जिथून परत फिरते तिथून दहा मिनिटांवर. तिथं साठाहून जास्त वर्षं एका हेराचे सिनेमे बनताहेत. जगाला त्याचं नाव पाठ आहे. आम्ही कपडेवाले त्याला नुसतं 'साहेब' म्हणायचो. नट बदलले, साहेब तोच.

थेल्माचं काम असं, की सांगितलं तर लोक हसतात. नवे कोरे कपडे खराब करणं. साहेब एका मारामारीत खिडकीतून पडतो, नदीत जातो, मातीत लोळतो. तर एकसारखे चौदा सूट शिवायचे आणि प्रत्येक सूट त्या मारामारीच्या एकेका टप्प्याइतकाच खराब करायचा. थेल्माकडे त्यासाठी चीजची खिसणी होती, तारेचा ब्रश होता, काळ्या चहाचं पातेलं होतं, मुलतानी मातीचं पोतं होतं. मी विसाव्या वर्षी तिच्या हाताखाली लागले तेव्हा पहिल्याच दिवशी एका सुंदर कोटाची बाही तिनं खिसणीवर धरली आणि माझ्या तोंडून किंकाळी फुटली.

"अगं जिल, कोट मेला नाही," ती म्हणाली. "लढून आलाय. लढून आलेला माणूस कोपरावर फाटतो, बगलेत नाही. सिनेमे बघतेस की नुसती पोरं बघतेस?"

तुकड्याची गोष्ट तिनं मला कामाला लागल्याच्या सहाव्या वर्षी सांगितली. त्याआधी तिचा माझ्यावर विश्वास बसला नसावा.

थेल्मा सतरा वर्षांची असताना मुख्य शिंपी होते मिस्टर लॉयटर. पहिला साहेब काम सोडून गेला, दुसरा आला, आणि सगळे म्हणायला लागले की आता संपलं, दुसऱ्या माणसाला कोण साहेब मानणार?  लॉयटरांनी पहिल्याच्या शेवटच्या कोटाचं अस्तर कापलं, दोन बोटं रुंद, गडद निळं रेशीम, आणि दुसऱ्याच्या पहिल्या कोटात डाव्या आतल्या खिशात शिवून टाकलं. नटाला पत्ता नाही, दिग्दर्शकाला नाही. दुसरा गेला तेव्हा तो तुकडा उसवून तिसऱ्याला लावला. मग लॉयटर वारले आणि ते काम थेल्माकडे आलं. चौथ्याला तिनं लावला, पाचव्याला तिनं लावला. मधल्या काळात तुकडा तिच्या घरी, बिस्किटाच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात.

पडद्यावर शेवटी नावं धावतात ना, त्यात थेल्माचं नाव एकदाही आलं नाही. 'आणि इतर' मध्येसुद्धा नाही. मी एकदा तणतणले, तर म्हणाली, "माझी सही त्याच्या खिशात आहे. तुझी आहे का कुठं? मग गप बस."

पाचवा साहेब गेला आणि पाठोपाठ ज्या कुटुंबानं एवढी वर्षं सिनेमे काढले त्यांनी सगळं विकलं. घेणारे समुद्रापलीकडचे. सहा वर्षं काहीच हललं नाही. कपड्यांचं दालन रिकामं झालं, आम्ही दुसरीकडे कामं धरली. साहेब तरुणपणीचा दाखवणार, साहेब आता बाई होणार, साहेब संगणकातच बनवणार. रोज एक बातमी. थेल्माचा नवरा लेन त्याच काळात गेला. आणि तिच्या डोळ्यांच्या मधोमध काळा डाग आला. समोरचं दिसेना, कडेचं दिसायचं. माझ्याकडे बघायचं तर ती माझ्या कानाच्या पलीकडे बघायची.

"सहावा येईपर्यंत तरी राहू देत," ती म्हणायची. डोळ्यांबद्दल. "एक तुकडा शिवायचा आहे. मग विझेनात का."

शेवटी सहावा ठरला. मला बोलावणं आलं, तिला नाही. शहात्तर वर्षांच्या अर्धआंधळ्या बाईला कोण बोलावणार?

मी म्हटलं, "तुकडा द्या माझ्याकडे, मी शिवते."

"तू टाका लांब घालतेस."

"थेल्मा, कोण बघणार आहे?"

"मी बघते आहे ना," ती माझ्या कानाच्या पलीकडे बघत म्हणाली. मग आवाज उतरला. "एवढं एक करू दे गं मला. परत कधी काही मागणार नाही."

आमची नवी प्रमुख, ॲनलीझ, मनानं वाईट नव्हती. जुन्या कामगार बाई आहेत, एकदा दालन बघायचंय म्हणतात, असं विचारल्यावर म्हणाली, आण की चहाला. थेल्मा आली ती चर्चला जाताना घालायच्या कोटात, लिपस्टिक लावून. लिपस्टिक जरा ओठाबाहेर गेली होती. मी पुसली नाही. घरून निघताना मी तिला तीन सुयांत दोरा ओवून दिला होता. त्या तिनं कॉलरच्या मागे टोचून ठेवल्या होत्या आणि तुकडा हातमोज्यात.

दांडीवर चौदा सूट टांगलेले होते. ती हातानं चाचपत गेली. प्रत्येक कोटाच्या कॉलरखाली रंगीत दोऱ्याची एक गाठ असते. कुठला कोट कशासाठी, ते त्यावरून कळतं. ही पद्धत लॉयटरांची. लाल गाठ म्हणजे साहेबाचा खास कोट, कॅमेरा जवळ येतो तेव्हाचा. त्याला माती लावायची नाही, कुणी हात लावायचा नाही. तेवढ्यात मला फिटिंगला बोलावलं. दहा मिनिटांनी परत आले तर थेल्मा खुर्चीवर हात बांधून बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मी लेन गेल्यापासून न पाहिलेलं काहीतरी होतं.

"झालं," ती म्हणाली. "जागच्या जागी. सहा टाके."

"बरोबर कोट मिळाला ना?"

"मी काय आज लागले कामाला?"

मी हसले. चहा गार झाला होता, तोच तिनं प्यायला.

आता माझी चूक सांगते. भिंतीवर नव्या लोकांनी एक तक्ता लावला होता, तो मी रोज बघत होते. त्यांनी गाठी ठेवल्या होत्या, पण रंगांचे अर्थ बदलले होते. हिरवी म्हणजे खास. लाल म्हणजे नष्ट करायचा. मी तो तक्ता इतका पाठ केला होता की लालचा जुना अर्थ माझ्या डोक्यातून धुऊन गेला होता. थेल्माला तक्ता वाचता येत नव्हता. तिला डोळ्याच्या कडेनं फक्त रंग दिसत होता. आणि तिला सांगायला हवं, हे मला सुचलंच नाही.

कळलं ते पाच आठवड्यांनी. स्टुडिओच्या मागच्या मैदानात आगीचं दृश्य होतं, दुपारी, ऊन चांगलं पडलेलं. साहेबाचा डुप्लिकेट कॅलम अंगभर आगीपासून वाचवणारं थंड जेल चोपडून उभा होता, वर लाल गाठीचा सूट. मी बटणं लावत होते. छातीवरून हात फिरवला आणि डाव्या खिशात बोटांना जाडपणा लागला. दोन बोटं रुंद. सहा टाके. लांब एकही नाही.

"काय झालं, जिल? टोचतंय का काही?" कॅलम म्हणाला.

दोनशे माणसं थांबलेली. अग्निशमनवाले नळ्या घेऊन तयार. जेलचा परिणाम काही मिनिटंच टिकतो, मग माणूस भाजतो. मला कात्री काढायला पंधरा सेकंद लागली असती. फक्त पंधरा. पण काय सांगून थांबवू? साठ वर्षांपूर्वीचं चिंधूक आहे म्हणू? मी घाबरले. 

"नाही," म्हटलं. "सगळं ठीक आहे."

आणि बाजूला झाले. कॅलम पेटला, धावला, पडला, त्याला विझवलं. त्याला काही झालं नाही. राख झालेला कोट मीच पोत्यात भरला. खिशाची जागा शोधली. तिथं जागाच नव्हती.

थेल्माचा दर रविवारी फोन यायचा. "साहेब कसा आहे?"

"मजेत आहे."

"खिसा नीट?"

"नीट."

काम करणाऱ्यांसाठी सिनेमाचा खास खेळ ठेवला होता, तिथं मी तिला घेऊन गेले. न नेण्याची हिंमत झाली नाही. ती मान वाकडी करून पडद्याच्या कडेनं बघत होती, माझा हात धरून. साहेब जवळून दिसला की हळूच दाबायची. आगीचं दृश्य आलं तसा पडदा नारिंगी झाला आणि तिनं विचारलं, "काय चाललंय?"

"जळतोय."

"कोण? साहेब?"

"नाही. त्याचा डुप्लिकेट."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि माझा हात थोपटला.

बाहेर पडताना तिनं पर्समधून तो बिस्किटाचा डबा काढून माझ्या हातात ठेवला. "सातवा येईल तेव्हा मी नसेन. तू उसव. ब्लेडनं नको, कात्रीच्या टोकानं. आणि टाके जरा जवळ घाल गं बाई."

"घालीन," मी म्हटलं.

ती फेब्रुवारीत गेली, झोपेत. तिच्या अंत्यविधीला ॲनलीझनं फुलं पाठवली. पबमध्ये आता पुन्हा वाद सुरू झालाय. सहावा एका सिनेमात कंटाळला म्हणे, सातवा शोधताहेत. मंडळी माझ्याकडे वळून विचारतात, तू आतली आहेस, सांग की, पुढचा कोण?

कुणी का असेना. त्याच्या खिशात मी काय शिवू, ते सांगा.