कुठल्या पाण्यावरची भाजी

मंजूचा फोन आला तेव्हा मी गॅसपाशी उभी होते. "आत्या, बाबा गेले," एवढंच बोलली. माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल? "काही खाल्लं होतं का गं त्याने?" सख्खा भाऊ गेल्याची बातमी कानावर पडतेय आणि बहीण विचारतेय, जेवला होता का! पण वहिनी गेल्यापासून ठाण्याला वर्तकनगरातून मी कोपरला त्याच्या घरी रोज फोन करायचे, तो हेच विचारायला. जिभेला दुसरं काही येतच नव्हतं. मंजू म्हणाली, "काल दोन चमचे पेज घेतली." हॉस्पिटलच्या कागदावर न्यूमोनिया लिहिलंय. लिहू देत. माझा दादा उपाशी गेला. घरात धान्याचे डबे शिगोशीग भरलेले असताना उपाशी गेला, आणि हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

आधी तो असा नव्हता हो! दादा म्हणजे पक्का खवय्या. कारखान्यातून ड्यूटी संपवून आला की भाजीवाल्यांपाशी थांबल्याशिवाय घरी जायचा नाही. रुळांच्या कडेला वाफे असतात ना, तिथला पालक त्याचा लाडका. हिरवागार, लुसलुशीत, मुळाला अजून ओली माती. "डोळ्यांसमोर उगवतोय गं शैला, याहून ताजं काय असणार?" म्हणायचा. वहिनी त्याची ताकातली पातळ भाजी करायची, दाणे आणि चणाडाळ घालून, वरून लसणीची चुरचुरीत फोडणी. वहिनीचा तर जीव होता त्या भाजीवर. दादा दोन जुड्या आणायचा, एक तिच्या नावाची. वाफ्यांशेजारून नाला वाहायचा, त्यात पंप टाकलेला असायचा, पाइप वाफ्यात सोडलेला असायचा. आपण सगळ्यांनीच ते येताजाता बघितलंय. पान टवटवीत दिसलं की आपल्याला बाकीचं काही दिसत नाही.

मग वहिनीला कॅन्सर निघाला आणि वर्षाच्या आत ती गेलीसुद्धा. दादाने डॉक्टरांना विचारलं, पालकाने झालं का? ते बिचारे नीट समजावून सांगत होते. नाल्याच्या पाण्यावरची भाजी चांगली नव्हेच, त्यातून नको ते पोटात जातं, ती खाऊ नका. पण यांचा आजार त्यामुळेच झाला असं कुणीही सांगू शकणार नाही. दादाने त्यातलं अर्धंच ऐकलं. बाहेर बाकड्यावर बसला आणि म्हणाला, "मी घातलं तिला. माझ्या हाताने, जुडी निवडून निवडून..." मी त्याचा हात धरून बसले.

सेंद्रिय सेंद्रिय करायला लागला तेव्हा मला आधी बरंच वाटलं. माणसाला काहीतरी उद्योग मिळाला. मी शाळेत गृहविज्ञान शिकवलेलं, त्यामुळे मलाच विचारायचा. मी सांगितलं, पाकिटावर 'नैसर्गिक' छापलं म्हणजे सेंद्रिय होत नाही, प्रमाणपत्राचं चिन्ह बघ. सेंद्रिय म्हणजे काहीच फवारत नाहीत असंही नाही, ठरावीक गोष्टी चालतात. औषधांचा अंश कमी असतो हे खरं, पण म्हणून त्यातलं जीवनसत्त्व दुप्पट होत नाही. परवडेल ते घे, बाकीचं वाहत्या पाण्याखाली चोळून धू, पण भाजी खा. दादा मान डोलवायचा आणि पुढचा प्रश्न काढायचा. मुरबाडकडे कुणीतरी सेंद्रिय शेती करतो असं कळलं, तर मला आणि मंजूला घेऊन थेट त्याच्या शेतावर. शेतकरी चांगला माणूस होता, वांगी दाखवली, शेणखताचा खड्डा दाखवला. दादा खूश. तेवढ्यात बांधापलीकडे एकजण पाठीवर पंप लावून फवारताना दिसला. शेतकरी म्हणाला, "कडेच्या ओळी आम्ही सोडून देतो हो, त्यातलं विकत नाही." परतीच्या वाटेवर शीळफाट्याला गाडी अडकली. दादा तिथे म्हणाला, "वारा काय ओळी मोजून थांबतो?" ती वांगी त्याने कचऱ्यात टाकली.

तिथून एकेक पदार्थ घरातून जायला लागला. आधी पालेभाज्या, मग फळं, मग दूध. गाय काय खाते ते कुणाला माहीत! सेंद्रिय डाळ-तांदळाचे डबे भरायचा आणि चार दिवसांनी त्यांच्यावरचाही विश्वास उडायचा. मी भांडले, रडले, शपथा घातल्या. "अरे, विषाने मरायला वर्षं लागतील, असा उपाशी राहिलास तर या दिवाळीला नसशील!" असं नको ते बोलून गेले. तो हसला नुसता. मनगटावरचं घड्याळ सैल होऊन कोपरापर्यंत घसरायचं त्याचं. मंजूने मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. दोनदा गेला, तिसऱ्यांदा म्हणाला, तिथला चहा कुठल्या दुधाचा होता ते सांगेनात.

वहिनीच्या वर्षश्राद्धाला तिच्या आवडीचं पानावर वाढायचं होतं. मी ठाण्याच्या दुकानातून प्रमाणपत्र असलेला पालक नेला, चिन्ह दाखवलं, पाच पाण्यांतून धुतला, भाजी केली. पानावर वाढायला गेले तर दादाने माझं मनगट धरलं. "शैला, तिला परत तेच घालू?" डोळ्यांत असं काही होतं की मी पळी खाली ठेवली. वहिनीचं पान वरणभातावर भागलं. त्या दिवशी मला कळलं की हा आता माझ्या हाती लागायचा नाही.

आणि तसंच झालं... तेराव्याला आचाऱ्याने विचारलं, "काकांच्या आवडीचं काय करू?" तो काय खात नव्हता ते मंजूने आणि मी संध्याकाळपर्यंत सांगितलं असतं. शेवटी मीच म्हटलं, श्रीखंड कर. जेवणं झाली, पाहुणे गेले, मी पानं उचलायला वाकले. मंजूचं पान जसंच्या तसं होतं. पोळीचा तुकडाही मोडलेला नाही. म्हटलं, दुःखात आहे पोरगी. मग तिच्या हातातल्या बांगडीकडे लक्ष गेलं. सैल होऊन पडू नये म्हणून ती वर सरकवून तिने चक्क रबर लावून ठेवली होती. केव्हापासून चाललंय हे? सगळा जीव दादाकडे लावून बसले होते, आणि त्याच टेबलावर, त्याच्या शेजारी बसून ही पोरगी रोज काय शिकत होती हे आम्हाला दिसलंच नाही. देवा, एकाला नेलंस ना? पुरे की आता!

मी तिला वर्तकनगरला घेऊन आलेय. डॉक्टरांकडे जातो, गोळ्या सुरू आहेत, लवकर आलात म्हणतात. असेल. काल दुपारी समोरच्या बाजारातून मेथी आणली, साधी, नेहमीच्या बाईकडची. मंजूसमोर निवडली, तिच्यासमोर धुतली, तिच्यासमोर शिजवली. दोन ताटं वाढली. तिने एक काडी चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात उलटसुलट केली. अगदी दादा! ओरडावंसं वाटलं, पण ओरडून काय होतं ते बघून झालंय. मी घास घेतला, चावला, गिळला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. जणू मला काही होतंय का, ते बघत होती. मी दुसरा घेतला. "आत्या, तू खा, मी बसते," म्हणाली. बस, म्हटलं. माझं ताट संपलं तरी तिचा हात हलला नव्हता. भूक तर केव्हाच मेली होती माझी. मी कढई जवळ ओढली आणि स्वतःला पुन्हा वाढून घेतलं.