आजींची पट्टी

आमच्या हिंगोलीकडं तिठ्यावर टाकलेल्या उताऱ्यातला नारळ मी लहानपणी उचलून खाल्लाय. काही झालं नाही. म्हणून असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हताच.

शाळा सातवीत सुटली. इथं उलव्यात, म्हाताऱ्या माणसांच्या केअर सेंटरमध्ये, मॅडमनी कागदपत्रं न बघता कामावर ठेवलं, राहायला जागा दिली... त्यांचे उपकार आहेत. त्यामुळं हे लिहितानाही धाकधूक होतेय.

आमच्याकडं इथल्याच गावातल्या एक आजी होत्या. हाडांचा कॅन्सर, उजवा खुबा पोखरलेला. दुखू नये म्हणून पाठीवर औषधाची पट्टी लावायची. फार कडक औषध, कुलपात असतं. वापरलेली पट्टीसुद्धा कचऱ्यात टाकायची नाही. चिकट बाजू आत दुमडून सिस्टरच्या हातात द्यायची, मग दोघींनी मिळून कापून साबणाच्या पाण्यात.

आजींच्या नावावर प्लॉट होता. मुलगा सहीसाठी यायचा, पण पट्टीमुळं आजी गुंगीत. एक दिवस तो मॅडमना म्हणाला, “काढा ती पट्टी. दुखायला लागलं का करेल सही.” मॅडमनी डॉक्टरला विचारलंही नाही. पट्टी मलाच काढायला लावली.

दुसऱ्या दिवशी आजी ओरडायला लागल्या. मुलगा पेन घेऊन उशाशी. “आये, सही कर, लगेच लावतो.” आजींनी दात आवळले. तो चहाला गेला तेव्हा माझा हात धरून म्हणाल्या, “दुखना कुनाला देता येतं का गो?”

मी घाबरून हात सोडवून घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आजी उठून बसलेल्या! डोळे साफ, चहात खारी बुडवून खातायत. मुलगा आला तो माझ्यावरच. “तूच लावलीस ना चोरून? पोलिसात देतो तुला.” मॅडमनी माझी बॅग पालथी केली. कुलपातल्या पट्ट्या मोजल्या – सगळ्या जागेवर. आजींना वळवून अंग तपासलं – पाठ मोकळी. तरी मॅडम म्हणाल्या, आजच सामान भर.

मी रडत कपडे गोळा करत होते, आणि मुलगा एकदम खाली बसला. उजवा खुबा धरून. “आये...” एवढंच म्हणाला. आजी त्याच्याकडं बघत खारी खात राहिल्या.

त्या गडबडीत माझं सामान भरायचं राहिलं, ते राहिलंच.

पुढच्या आठवड्यात आजी शांतपणे गेल्या. सही न करता. मुलाच्या सगळ्या तपासण्या झाल्या – हाड ठणठणीत, म्हणे. उरलेल्या पट्ट्या नष्ट करताना आमच्याकडं नातेवाइकाची सही लागते. तो काठी टेकत आला. एक तरी दे म्हणाला... मला, जिला पोलिसात देणार होता. सिस्टर म्हणाली, “दादा, पेशंट गेला की त्याची पट्टी दुसऱ्याला देता येत नाही. सही करा.” मी त्याच्यासमोर एकेक कापून साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकली. शेवटची पडली तसा त्यानं बादलीत हात घातला. सिस्टरनं पायानं बादली मागं ओढली. मग त्यानं सही केली.

मी पट्टी लावली नव्हती, देवाशपथ. डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. दुखणं असं देता येतं का? कुणाला माहीत असेल तर सांगा... फक्त मॅडमपर्यंत जाऊ देऊ नका. त्यांनी काढलं नाही मला. पण हल्ली त्या माझ्या हातचा चहा घेत नाहीत.