सरळ करून मिळणार नाही

कुसुमताईंची आणि माझी ओळख फुटक्या काचेने झाली. हिंदी मुलखातल्या आमच्या गावच्या लालबागेत मी टॉवेल-चादरींचं दुकान नवीनच टाकलं होतं. सकाळी उदबत्ती लावून बसतोय, तोच शेजारच्या फ्रेमच्या दुकानातून काच उडत आली आणि माझ्या पायरीवर फुटली. पाठोपाठ एक गृहस्थ चपला हातात घेऊन पळाले आणि त्यांच्यामागे हातोडी उगारलेली एक धिप्पाड बाई. "आजोबाच्या देवीच्या चित्रावर इस्त्री फिरवतो मेला! तुह्या पाठीवर फिरवू का?" गृहस्थ दिसेनासे झाल्यावर बाई माझ्याकडे वळल्या. "लागलं का भाऊ? नाही ना? मग पाहून काय राहिले? झाडू द्या." मी मुकाट झाडू दिला.

नवरा कागद गिरणीत नोकरीला, म्हणून त्या जळगावकडून इकडे आल्या. तो वारल्यावर त्यांनी हे दुकान काढलं. गेल्या दिवाळीआधी त्याही गेल्या. गल्ली आता शांत असते आणि खरं सांगतो, मला ती शांतता खायला उठते.

त्यांच्याकडे यायची ती जुनी छापील चित्रं. रंगीत देवादिकांची, राजेरजवाड्यांची, एकदा गेली की पुन्हा न मिळणारी. पावसाळ्यात ओल पिऊन कागद फुगायचा, त्याला लाटा यायच्या. बाकीचे फ्रेमवाले असा कागद सरळ पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवायचे आणि वर काच दाबून बसवायचे. कुसुमताई ते बघितलं की शिव्या घालायच्या. त्या कागदाला थोडी दमट हवा द्यायच्या, कोरड्या टिपकागदात निजवायच्या, आणि मग फक्त वरच्या कडेला खळीने दोन बारीक पट्ट्या लावून टांगायच्या. खालून मोकळा. काच अंगाला लागू द्यायच्या नाहीत. "तावाला ताव आलाय भाऊ," असं म्हणायच्या. "त्याले दाबलं का तो अजून बिथरते. राहिली थोडी लाट तर राहू द्या, कोणाचं काय जाते?"

त्या दुकानात 'सरळ' हा एक शब्द काढायची सोय नव्हती. कोणी म्हणालं, "दीदी, फोटो सीधा कर दो," की संपलंच. "सीधा? मैं थानेदार हूँ क्या?" आणि हाताला लागेल ते भिरकावायच्या. पट्टी, डबा, एकदा तर चहाचा भरलेला ग्लास. त्यांच्या एका भावाने आपल्या बायकोला सरळ करता करता मारून बहिरं केलं होतं. हे मला फार पुढे कळलं, तेही त्यांच्या तोंडून नाही.

आणि एक दिवस प्रतिभाबाई आल्या. गिरणीतल्याच एका कुटुंबातल्या, इतक्या हळू बोलणाऱ्या की आपणच पुढे वाकून ऐकावं. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला एकच कागद. त्यांची मुलगी रेखा लाकडावर कोरून चित्रं छापायची. लग्नानंतर नवऱ्याने लाकडाचे ठोकळे चुलीत घातले, चित्रं जाळली, आणि शेवटी रेखालाही इतकं मारलं की ती दवाखान्यातून परत आली नाही. सासरच्या न्हाणीघराच्या माळ्यावर हा एक कागद पोलिसांच्या नजरेतून सुटला आणि मोलकरणीने तो आईकडे पोचवला. रेखाने छापलेला स्वतःचाच चेहरा होता. अर्धा काळा, अर्धा कोरा, आणि ओलीने सगळ्या गालावर लाटा. प्रतिभाबाई म्हणाल्या, "ताई, वर्षश्राद्धाला लावायचंय. एवढं सरळ करून द्या."

मी दारातच उभा होतो, आता काहीतरी उडणार म्हणून बाजूला सरलो. पण कुसुमताईंनी कागद दोन्ही हातांनी घेतला आणि दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

जावई जामिनावर सुटला होता. चित्र बैठकीत लागणार, सगळे नातेवाईक बघणार, हे त्याच्या कानावर गेलं. भर दुपारी तो पिऊन आला. "माझ्या बायकोचं सामान आहे. दे इकडे." चित्र टेबलावर उताणं होतं. त्याने हात घातला आणि कुसुमताईंनी हातोडी घातली. हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या गादीवर बसून ऐकला. तो गुरासारखा ओरडला, दुसऱ्या हाताने काचेचा तुकडा उचलून त्याने त्यांच्या उजव्या तळव्यावर ओढला. मी कापड मोजायचा गज घेऊन धावलो, तर त्याने लाथ घातली आणि मी नालीत! शेवटी समोरचे पॉवरलूमवाले आले. त्यांनी त्याला इतकं तुडवलं की पोलिसांना तो उचलून न्यावा लागला. आणि कुसुमताई? तळवा हाडापर्यंत फाटलेला, तो हात डोक्यावर उंच धरून उभ्या. रक्त कागदावर पडू नये म्हणून. तोंडावरून रक्त वाहतंय आणि ओरडताहेत, "मुझे छोड़ो रे, पहले कागज उठाओ!"

टाके पडले, बोटं मिटेनात. तरी डाव्या हाताने त्यांनी ती फ्रेम पुरी केली. पट्ट्या मी धरल्या, शिव्याही मीच खाल्ल्या.

वर्षश्राद्धाला आम्ही दोघं गेलो. बैठकीत रेखा लागली होती, गालावरच्या लाटांसकट. जेवणं व्हायची होती. रेखाचे मामा चष्मा पुसत जवळ गेले, नीट बघून म्हणाले, "चांगलं झालं. पण थोडं सरळ करून घ्यायला पाहिजे होतं."

मी कुसुमताईंचा पदर धरला, म्हटलं आता इथं मारामारी होणार. पण त्याआधीच प्रतिभाबाईंनी हातातलं वरणाचं पातेलं जमिनीवर आपटलं. वरण भिंतीपर्यंत उडालं. "सरळ?" त्या ओरडल्या, आणि त्यांचा आवाज तिथल्या कोणीच कधी ऐकलेला नव्हता. "तू पण म्हणाला होतास दादा, नवऱ्याघरी परत पाठव, सरळ होईल! केलं ना सरळ त्यांनी? केलं ना? आता ही अशीच राहणार! वाकडी राहणार! ज्याला बघवत नाही त्याने निघायचं माझ्या घरातून!"

मामा निघाले. त्यांच्यामागे आणखी काही जण निघाले. कुणी अडवलं नाही.

परत येताना कुसुमताई रस्त्यात थांबल्या. बँडेजचा हात तोंडावर दाबून रडायला लागल्या, लहान पोरीसारख्या, भर बाजारात. म्हणाल्या, "भाऊ, मले वाटे, ओरडणारी मी एकटीच आहे."