बायपासनंतरचा पहिला डोंगर

माझ्या नवऱ्याची बायपास झाली, त्याला तेव्हा सहा महिने होत आले होते. या सहा महिन्यांत तू काय केलंस असं कोणी विचारलं असतं, तर खरं उत्तर एकच होतं. मी त्यांच्याकडे बघत होते. ते जेवताना, आंघोळीला गेले की दाराबाहेरून, झोपले की छातीवरची चादर वरखाली होतेय ना ते.

ते लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर आहेत. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या लिफ्ट चालू केल्या आणि स्वतः मात्र जिने चढले, कारण ते पोचायचे तेव्हा लिफ्ट बंदच असायची. हे तेच हसून सांगायचे. अशा माणसाला मी सहा महिने एक मजलासुद्धा चढू दिला नव्हता. पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये संध्याकाळी ते फेऱ्या मारायचे आणि मी वरून गॅलरीतून मोजायचे. आठवी फेरी झाली की हाक. खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकू एकदा मला म्हणाल्या, "भाभी, भाईसाब को थोडा छोडो." मी हसले आणि नववी फेरी होऊ दिली नाही.

मग मुलीने परस्पर बुकिंग केलं. ती नुकतीच नोकरीला लागली होती. एका रविवारी चहा पिताना तिने मोबाईल पुढे केला. जव्हारच्या अलीकडे डोंगरावर लाकूड-दगडाची, कौलारू छपराची चार खोल्यांची एक जागा. शेणाने सारवलेली ओटी, बंबात तापवलेलं पाणी, चुलीवरचं जेवण. दोन रात्री.

"जवळ हॉस्पिटल आहे?" मी विचारलं.

"आई, तिथे डोंगर आहे."

"म्हणजे नाही."

तिने माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. डॉक्टर म्हणाले, "खुशाल न्या त्यांना. जरा चालू दे. आणि आईंनाही सांगा, सुट्टी घ्या म्हणावं." हे शेवटचं वाक्य मला लागलं.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी आम्ही निघालो. गाडी मुलगी चालवत होती. वरसाव्याला नेहमीसारखं अडकलो, मग हायवे मोकळा मिळाला. मागच्या सीटवर माझ्या मांडीवर एक पिशवी होती. बीपीचं मशीन, गोळ्या, जिभेखाली ठेवायची गोळी वेगळ्या डबीत, हॉस्पिटलची फाइल, बिनमिठाच्या खाकऱ्यांचा डबा. रस्त्याकडेला दवाखान्याची पाटी दिसली की मी मनात गाव आणि अंतर घोकून ठेवत होते. मनोरपर्यंत माझं हेच चाललं होतं. हे पुढे बसून गाणी गुणगुणत होते. मनोरला वळलो, विक्रमगड मागे पडलं, घाट सुरू झाला, तेव्हा पाट्या संपल्या आणि माझं घोकणंही संपलं.

गाडी जिथे थांबली तिथे घर दिसेना. झाडीतून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या तेवढ्या दिसत होत्या.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?" मी मुलीवर ओरडले.

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

वरून एक बाई खाली आल्या. पन्नाशीच्या, काटक. त्या आणि त्यांचे यजमान मिळून ती जागा सांभाळत. त्यांनी आमची मोठी बॅग डोक्यावर घेतली, दुसरी हातात. औषधांची पिशवी मात्र मी कोणाला दिली नाही. हे पायऱ्या चढू लागले. मी एक पायरी मागे, पडलेच तर झेलायला. ते तीनदा थांबले. तिन्ही वेळा मी नाडी बघायला हात पुढे केला, तिसऱ्या वेळी त्यांनी हात खिशात घातला.

वर पोचल्यावर काहीच झालं नाही. ते ओटीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "काय हवा आहे!" समोर दरी होती, पलीकडे एकामागे एक उतरत गेलेले डोंगर, वाळलेल्या गवताने पिवळे पडलेले. मी बीपीचं मशीन बाहेर काढलं.

त्या रात्री जेवताना आमचं वाजलं. बाईंच्या यजमानांनी यांच्यासाठी बिनमिठाची भाजी वेगळी केली होती, मीच तसं सांगितलं होतं. नागलीची भाकरी आणि ती पांढरी भाजी. शेजारच्या ताटात मुलीला लाल ठेचा वाढलेला. यांनी बोटाचं टोक ठेच्याला लावलं आणि मी त्यांचा हात धरला. सगळ्यांसमोर. यजमानांनी नजर वळवली.

"मी आता पेशंट नाहीये," हे हळू आवाजात म्हणाले.

"मग काय आहात?"

त्यांनी भाकरी संपवली, ताट उचललं आणि मोरीवर जाऊन स्वतः धुतलं. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मला तेव्हाही वाटत होतं की बरोबर मीच आहे.

सकाळी जाग आली तर हे बूट घालत होते. मागच्या बाजूने पाऊलवाट खाली ओढ्यावर जाते असं त्यांना यजमानांनी सांगितलं होतं.

"मी जाऊन येतो. तू झोप."

एकट्याला सोडायचा प्रश्नच नव्हता. मुलगी गाढ झोपली होती. मी स्वेटर चढवला, चपलाच घातल्या आणि त्यांच्या पुढे निघाले. पुढे अशासाठी, की वाट कशी आहे ते मला आधी बघता यावं. सागाची मोठमोठी वाळलेली पानं वाटभर पसरली होती. पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज. दर चार पावलांनी मी मागे वळून "सांभाळून हं, इथे घसरतंय" म्हणत होते. ओढा दिसायला लागला. मी पुन्हा वळले, "सां" एवढंच म्हटलं आणि माझाच पाय गेला.

पानांखाली दगड होता. पाऊल आत वळलं, कट् असा आवाज आला आणि मी बसकण मारली. डोळ्यांसमोर पांढरं झालं. ते कधी जवळ आले कळलं नाही.

"हात दे. उठ हळूच."

"नाही! तुम्ही वजन उचलायचं नाही."

"अगं, काय बोलतेस?"

"छातीला टाके आहेत तुमच्या!"

"होते. सहा महिन्यांपूर्वी."

मी स्वतःच उठायला गेले आणि ओरडले. घोटा बघता बघता सुजला. मोबाईलला रेंज नव्हती. त्यांनी वर तोंड करून मुलीला तीन-चार हाका मारल्या, मग यजमानांना. वरून फक्त कुठलातरी पक्षी ओरडला.

त्यांनी मला सरकवत सरकवत एका सपाट दगडाला टेकवून बसवलं. ओढ्यात रुमाल भिजवून आणला आणि घोट्याभोवती घट्ट गुंडाळला. पाणी इतकं गार होतं की दुखणं क्षणभर विसरले. स्वतःचं जॅकेट काढून माझ्या पाठीमागे घातलं. हे सगळं त्यांनी गडबड न करता केलं. बंद लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी ते असंच बोलत असणार, असं मला वाटून गेलं. तीस वर्षांत मी त्यांना कामावर कधी बघितलंच नव्हतं.

"मी वर जातो," ते म्हणाले.

"एकटे?"

"मग काय, तू येतेस?"

इतक्या दुखण्यातही मला हसू फुटलं. तेही हसले. मग ते चढायला लागले.

पानांचा आवाज येत होता तोवर मी त्यांची पावलं मोजत होते. मग वळण आलं आणि आवाज थांबला. ते पुढे गेले की तिथेच बसले, हे कळायला काही मार्ग नव्हता. पिशवी वर खोलीत, ती जिभेखालची गोळीही वर. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते तो दिवस आठवला. तेव्हाही समोरचं दार बंद होतं आणि मला करण्यासारखं काहीच नव्हतं. त्या दिवसानंतर मी करण्यासारख्या गोष्टी शोधत सुटले होते. मीठ, जिने, फेऱ्या, नाडी. तो सगळा खटाटोप त्यांच्यासाठी म्हणून होता खरा, पण त्या दगडावर बसून मला कळलं की त्यातला बराचसा माझ्यासाठी होता. काहीतरी करत राहिलं की मला भीती कमी वाटायची. आता काही करता येत नव्हतं. ऊन समोरच्या झाडावर हळूहळू खाली उतरत होतं आणि मी देवाला "त्यांना वर पोचू दे" म्हणत बसले होते. पायाचं काही मागायचं सुचलंच नाही.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग पानं वाजली. आधी बाई दिसल्या, पाठोपाठ त्यांचे यजमान हातात एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन, मग रात्रीच्याच कपड्यांत मुलगी. आणि सगळ्यांच्या मागून हे.

"तुम्ही परत कशाला आलात?"

"वाट मला माहीत होती ना."

चेहरा लाल झाला होता, कपाळावर घाम होता, तोंडाने श्वास चालला होता.

"दम लागलाय तुम्हाला."

"लागलाय. हिलाही लागलाय बघ," त्यांनी मुलीकडे बोट दाखवलं. खरंच, ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभी होती.

खुर्चीवर मला बसवून बाईंनी आणि यजमानांनी दोन्ही बाजूंनी उचललं, मुलीने मागून आधार दिला. हे पुढे चालत होते. पायाने पानं बाजूला सारत, आडव्या फांद्या मोडत, "आता डावीकडे. थांबा, इथे दगड आहे. हां, चला." मी त्यांना एकदाही सांभाळून म्हटलं नाही. वाटभर तेच म्हणत होते.

जव्हारला जाऊन एक्स-रे काढला. हाड मोडलं नव्हतं. मुरगळला होता, पण चांगलाच. डॉक्टरांनी पट्टी बांधून आठ-दहा दिवस पाय टेकायचा नाही असं सांगितलं. मुलगी म्हणाली, थेट घरी जाऊ. मीच म्हटलं, नको, अजून एक दिवस आहे आपला. त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्या पायऱ्या मी पुन्हा खुर्चीतून चढले.

दुपारभर मी अंगणात बाजेवर पाय वर करून पडले होते. हे आतबाहेर करत होते. चहा आणला. उशी आणली. दुखायच्या गोळीची वेळ झाली की गोळी आणि पाणी. त्यांच्या स्वतःच्या गोळ्याही त्यांनी त्यांच्या त्यांनीच घेतल्या, मला न विचारता, बरोबर वेळेला. सहा महिने त्या गोळ्या मी तळहातावर ठेवून देत होते.

बाई पट्टीबाहेरच्या सुजेवर हळदीचा गरम लेप लावायला आल्या. मी त्यांचे आभार मानायला लागले तर त्यांनी हात झटकला.

"आम्ही काय, उचलून आणलं. तुमचे मालक शहाणे आहेत, ताई."

"का हो?"

"मी अंगण झाडत होते. हे वर आले ते सावकाश. आले, ओटीवर बसले, पाणी मागितलं. पाणी प्यायले, मग सांगितलं बायको पडलीये. मला आधी रागच आला, आधी पाणी काय पितो माणूस! मग त्यांनी शर्टाचं बटण काढून छातीवरची खूण दाखवली. म्हणाले, घाई करता येत नाही मला."

 बाई लेप लावत राहिल्या.

संध्याकाळी ते शेजारी येऊन बसले तेव्हा मी विचारलं, "चढताना थांबला होतात?"

"दोनदा. खूप घाई होती, तरी थांबलो. धावलो असतो आणि मलाच काही झालं असतं, तर तुला कोण आणणार होतं?"

सहा महिने मला वाटत होतं की मी लक्ष ठेवते म्हणून ते सांभाळून आहेत. ते त्यांचं ते सांभाळत होते. मीच कधी थांबून बघितलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. पाय दुखतोय असं मी सांगितलं, आणि तेही खोटं नव्हतं. त्यांनी पायाखालची उशी नीट केली. समोरचे डोंगर आधी तांबूस झाले, मग निळे. आत मुलगी यजमानांकडून भाकरी थापायला शिकत होती आणि तिची भाकरी फाटली की बाई मोठ्याने हसत होत्या. इतकं सगळं आपल्याला मिळालंय, असं मला त्या बाजेवर पडून फार मनापासून वाटलं. जेवताना मी माझ्या ताटातला ठेच्याचा एवढासा कण त्यांच्या भाकरीवर ठेवला. त्यांनी तो खाल्ला, आणि डोळे मिटले.

घरी आल्यावर मी दोन आठवडे पाय स्टुलावर ठेवून बसले होते. स्वयंपाक त्यांनी केला. मीठ ते माझ्यापेक्षाही कमी घालतात, हे तेव्हा समजलं. मला मुकाट्याने खावं लागलं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी उठले तर ते घरात नव्हते. चप्पल नव्हती, कापडी पिशवी नव्हती. मुलगी झोपली होती. फोन हातात घेतला आणि परत ठेवला. चहा केला, लंगडत पेपर आणला, पूर्ण वाचला. अकराच्या सुमाराला दार उघडलं. बसने उत्तनच्या मासळी बाजारात जाऊन आले होते. पिशवीत बोंबील होते, ताजे, अजून चमकणारे.

"काय गर्दी होती सांगू!" ते म्हणाले आणि ओट्याशी उभे राहून तिथली सगळी हकिगत सांगू लागले. मी विळी मागितली आणि बसल्या जागी बोंबील साफ करायला घेतले.